माकड आठवू नका!

दोस्तांनो, वैद्यबुवा आणि माकडाची गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकली असेलच. वैद्यबुवांनी रोग्याला औषधाची पुडी दिली आणि सांगितलं, "मधातून घे, गुण नक्की येईल. पथ्य एकच. औषध घेताना माकडाची आठवण काढायची नाही!"

झालं! बिचाऱ्याला त्याआधी औषध घेताना कधी माकड आठवलं नव्हतं. पण आता पुडी हातात घेतली, की माकड समोर हजर! डोळे मिटले तरी माकड, राम राम म्हटलं तरी माकड. शेवटी औषध राहिलं तसंच आणि रोगी गेला वैद्यबुवांशी भांडायला.

ही झाली गोष्ट. पण १९८७ साली अमेरिकेतल्या डॅनियल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी जवळजवळ हाच प्रयोग खरोखर केला. त्यांनी कॉलेजातल्या मुलांना सांगितलं, "पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आलाच मनात, तर घंटी वाजवायची." घंटी पुन्हा पुन्हा वाजत राहिली! तुम्हीही घरी करून बघा. 'नको' म्हटलेला विचार मुद्दाम दारात येऊन उभा राहतो.

तुमचं-आमचं हे माकड पाच मिनिटांनी निघून जातं. पण काही मुलांच्या डोक्यात ते दिवसभर मुक्काम ठोकून बसतं. आज त्या मुलांबद्दल बोलूया.

तिसऱ्या बाकावरचा मुलगा

समजा, तुमच्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगा बसतो. तो सारखे डोळे मिचकावतो. मधूनच मानेला झटका देतो. परीक्षेच्या शांत हॉलमध्ये घशातून 'हुं, हुं' असा आवाज काढतो. बाई रागावतात, "काय चाळे चालवलेत?" मुलं त्याची नक्कल करतात. घरी आई म्हणते, "अरे, थांबव ना आता!" तोही दोन-चार मिनिटं दम धरतो. पण शिंक येताना नाकात कसं हुळहुळतं, तसं काहीतरी त्याच्या मानेत दाटून येतं आणि झटका बसतोच.

आता त्याची नववीतली ताई. ती झोपण्यापूर्वी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे की नाही ते बघते. परत येते. पुन्हा वाटतं, 'नीट बघितला का?' पुन्हा जाते. असं दहा-बारा वेळा. हात धुऊन धुऊन तिच्या बोटांची सालं निघाली आहेत. तिलाही कळतं की हे वेडेपणाचं आहे. पण न धुता बसली, तर मनात येतं, 'माझ्यामुळे आईला काही झालं तर?'

भावाच्या त्रासाला डॉक्टर 'टिक' म्हणतात. हालचालींच्या टिकबरोबर आवाजाचीही टिक असेल आणि ती वर्षभराहून जास्त टिकली, तर त्याला 'टुरेट सिंड्रोम' असं नाव आहे. ताईच्या त्रासाला आपल्याकडे जुना, नेमका शब्द आहे, मंत्रचळ. डॉक्टर त्याला 'ओसीडी' म्हणतात. हे दोन्ही त्रास पुष्कळदा एकाच घरात, कधीकधी तर एकाच मुलात सापडतात. आणि ते काही आजचे नाहीत.

इंग्लंडमध्ये सॅम्युअल जॉन्सन नावाचे थोर विद्वान होऊन गेले. १७५५ साली त्यांचा प्रचंड इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला. हे जॉन्सनसाहेब बसल्या जागी डोकं हलवायचे, तोंडाने विचित्र आवाज काढायचे आणि दारातून आत जाताना ठरावीक पावलंच टाकायचे. पावलांचा हिशेब चुकला, की मागे जाऊन पुन्हा सुरुवात! एकदा एका लहान मुलीने त्यांना सरळ विचारलं, की तुम्ही असे हावभाव का करता? त्यांनी न रागावता उत्तर दिलं, की ही वाईट सवय आहे. एवढा मोठा शब्दकोश रचणाऱ्या माणसाकडेही आपल्या त्रासासाठी दुसरा शब्द नव्हता! आजचे अनेक डॉक्टर म्हणतात, की त्यांना बहुधा टुरेट सिंड्रोम असावा.

पॅरिसहून व्हिएन्नाला

१८८५ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर या प्रसिद्ध रुग्णालयात जॉर्ज जिल द ला टुरेट नावाच्या तरुण डॉक्टरांनी नऊ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. सगळ्यांना झटके आणि आवाज यांचा त्रास होता. टुरेट हे नाव तिथूनच आलं. गंमत अशी, की त्याच वर्षी, त्याच रुग्णालयात, त्याच गुरूंकडे म्हणजे डॉ. शार्को यांच्याकडे आणखी एक तरुण डॉक्टर शिकायला आले. त्यांचं नाव सिग्मंड फ्रॉइड.

फ्रॉइड आपल्या गावी, व्हिएन्नाला परतले. हळूहळू त्यांनी उपचारांची एक नवीनच पद्धत बसवली. गोळी नाही, काढा नाही, इंजेक्शन नाही. रोग्याने कोचावर आडवं व्हायचं आणि मनात येईल ते बोलायचं. क्षुल्लक असो, लाजिरवाणं असो, काहीही गाळायचं नाही. डॉक्टरांनी मागे खुर्चीत बसून ऐकायचं. या पद्धतीला मनोविश्लेषण म्हणतात.

१९०७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकडे एक तरुण वकील आला. त्याची गोष्ट ऐका.

लष्करी सरावाच्या वेळी त्याचा चश्मा हरवला. त्याने तार करून दुसरा मागवला. पार्सल आलं, पण त्याचे ३ क्रोन ८० हेलर दुसऱ्या कुणीतरी भरले होते. साधी गोष्ट! ज्याने भरले त्याला पैसे द्यायचे, विषय संपला. पण त्याच्या मनाने बजावलं, 'पैसे परत केलेस, तर तुझ्या वडिलांवर आणि तुझ्या आवडत्या मुलीवर भयंकर संकट येईल.' लगेच दुसरा हुकूम आला, 'पैसे त्या लेफ्टनंटलाच दिले पाहिजेत!' खरं तर पैसे लेफ्टनंटने भरलेच नव्हते, पोस्टातल्या बाईंनी भरले होते. तरी मनाचा हुकूम मोडायचा नाही, म्हणून कुणी कुणाला कुठे पैसे द्यायचे याचे बेत करता करता तो रडकुंडीला आला. आणि त्याच्या वडिलांना जाऊन तर कित्येक वर्षं झाली होती!

दुसरा प्रसंग. रस्त्यात त्याच्या पायाला एक दगड लागला. या रस्त्याने तिची घोडागाडी जाणार, अपघात झाला तर? म्हणून त्याने दगड बाजूला केला. थोड्या वेळाने वाटलं, 'काय हा मूर्खपणा!' म्हणून परत गेला आणि तोच दगड पुन्हा रस्त्याच्या मधोमध ठेवून आला! ताईचं गॅसपाशी जाणं-येणं आठवलं ना?

फ्रॉइड हसले नाहीत. "असले विचार करू नका," असंही म्हणाले नाहीत. त्यांनी महिनोन् महिने ऐकून घेतलं. हळूहळू एक गोष्ट दिसू लागली. आपण नुसता विचार केला तरी तो खरा होतो, असं त्या तरुणाला आतून वाटत होतं. ज्यांच्यावर आपला फार जीव असतो, त्यांचाच कधीकधी रागही येतो. तुम्हालाही आईचा राग येतोच की! या तरुणाला मात्र त्या रागाचीच भीती वाटायची आणि भीतीपोटी तो स्वतःला हुकूम सोडायचा. १९०९ साली फ्रॉइड यांनी ही हकिगत प्रसिद्ध केली आणि रोगी बरा झाला असं लिहिलं. पुढे पहिल्या महायुद्धात तो तरुण मारला गेला. त्यामुळे तो कायमचा बरा झाला होता का, हे बघायला मार्गच उरला नाही.

हा विचार आपल्या देशातही लवकर पोचला. कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि फ्रॉइड यांच्या पंचाहत्तरीला भारतातून विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट गेली होती. विशेष म्हणजे बोस यांनी तुमच्यासारख्या मुलांसाठी लाल आणि काळ्या मुंग्यांची गोष्टही बंगालीत लिहिली आहे, बरं का!

कुठे चुकलं?

ऐकून घेणं फार चांगलं. पण त्यापुढे एक गोची झाली. प्रत्येक झटक्याच्या मागे काहीतरी दडलेला अर्थ असणारच, असं मनोविश्लेषक धरून चालले. १९२१ साली बुडापेस्टच्या शांडोर फेरेंझी यांनी टिकवर मोठा लेख लिहिला, पण तो मुख्यतः दुसऱ्यांच्या पुस्तकातल्या रोग्यांवरून! पुढे अनेक डॉक्टर सांगू लागले, की मुलाने राग गिळला म्हणून मानेला झटका येतो, आईवडिलांनी फार धाकात ठेवलं म्हणून डोळे मिचकावतो. म्हणजे मुलगा त्रासात आणि आईबाप आरोपीच्या पिंजऱ्यात. वर्षानुवर्षं बोलूनही कित्येकांचे झटके काही थांबत नव्हते.

१९६० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कचे आर्थर आणि इलेन शपिरो या पतीपत्नींनी दाखवून दिलं, की हॅलोपेरिडॉल नावाच्या औषधाने झटके कमी होतात. म्हणजे भानगड मेंदूच्या कामकाजात होती, आईच्या रागावण्यात नव्हती. १९७२ साली न्यूयॉर्कमध्ये अशा मुलांच्या आईवडिलांनी एकत्र येऊन स्वतःची संघटना काढली. त्यांच्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरलं असेल!

आज काय माहीत आहे? आपल्या मेंदूत खोलवर 'बेसल गँग्लिया' नावाचा भाग असतो. तो शाळेच्या फाटकावरच्या शिपाईमामांसारखा. कोणती हालचाल, कोणता विचार बाहेर सोडायचा आणि कोणता अडवायचा, हे ठरवायला तो मदत करतो. या कामात गडबड झाली, की नको ती हालचाल सटकते, नको तो विचार परत परत आत येतो. हे पुष्कळदा घराण्यातून येतं. यात कुणाचा खोडकरपणा नाही आणि कुणाचं पापही नाही.

मग औषधाशिवाय जमतं का?

तुम्ही म्हणाल, भानगड मेंदूत असेल तर बोलून काय उपयोग? गोळीच हवी! थांबा, खरी गंमत इथेच आहे.

१९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञांनी मंत्रचळ झालेल्या दोन रुग्णांवर वेगळाच उपाय केला. विचार कुठून आला, हे त्यांनी शोधत बसायचं सोडलं. ज्याची भीती वाटते त्याला हात लावायचा आणि मग हात धुवायचे नाहीत, असा सराव परिचारिकांच्या मदतीने करून घेतला. दोघांनाही बराच गुण आला.

आज ताईसाठी हाच उपाय शिडीसारखा, एकेक पायरी चढत करतात. पहिली पायरी, गॅस एकदाच बघायचा आणि खोलीत येऊन बसायचं. छाती धडधडते, जीव वरखाली होतो. पण पळायचं नाही. पंधरा मिनिटं, अर्धा तास... लाट जशी चढते तशी ती उतरतेच. ती उतरली नाही, तरी ताईला एक गोष्ट कळते, 'भीती वाटली, पण मी ती सोसू शकले, आणि आईला काही झालं नाही.' मग पुढची पायरी. माकड आलं तर येऊ दे. त्याला हाकलायचं नाही आणि त्याचा हुकूमही पाळायचा नाही!

भावासाठी उपाय निराळा. १९७३ साली अमेरिकेत नेथन एझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी तो मांडला. आधी झटक्यापूर्वीची ती हुळहुळ ओळखायला शिकायचं. ती आली, की झटक्याच्या उलट हालचाल करायची. मानेला झटका येत असेल तर हनुवटी किंचित खाली घेऊन मान हलकेच ताठ धरायची. घशातून आवाज येत असेल तर नाकाने सावकाश श्वास घ्यायचा. साधारण मिनिटभर, किंवा हुळहुळ ओसरेपर्यंत. हे "थांबव रे!" म्हणण्याहून फार वेगळं आहे, कारण इथे नुसतं 'नको' नाही, 'त्याऐवजी काय कर' हेही सांगितलेलं आहे.

उपयोग होतो का? २०१० साली अमेरिकेत ९ ते १७ वर्षांच्या १२६ मुलांवर या पद्धतीची परीक्षा झाली. दहा आठवड्यांत आठ बैठका. निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना चांगला फरक पडला. नुसता धीर आणि माहिती दिलेल्या मुलांत हे प्रमाण पाचात एकाहूनही कमी होतं. मंत्रचळाबद्दल २००४ साली ११२ मुलांवर अभ्यास झाला. बारा आठवड्यांनी त्रास जवळजवळ नाहीसा झालेली मुलं अशी: नुसत्या सरावाने शंभरात ३९, नुसत्या औषधाने २१ आणि दोन्ही मिळून ५४. म्हणजे सराव भारी, पण औषध काही शत्रू नव्हे. कुणाला ते लागतं, कुणाला नाही. आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध आपल्या मनाने कधीही बंद करायचं नाही.

आता सर्वांत नवलाची गोष्ट. १९९२ साली लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी मंत्रचळाच्या रोग्यांच्या मेंदूची यंत्राने चित्रं काढली. त्या शिपाईमामांच्याच भागातला एक तुकडा फार धावपळ करत होता. औषधाने बरं वाटलेल्यांच्या मेंदूत ती धावपळ कमी झाली. आणि नुसत्या सरावाने बरं वाटलेल्यांच्या मेंदूतही तशीच कमी झाली! गोळी न घेता, केवळ धीराने केलेल्या सरावाने मेंदूचं काम बदललं. आहे की नाही कमाल?

मग फ्रॉइड यांचं काहीच उरलं नाही का? उरलं तर! कोचावरच्या गप्पांनी झटके थांबतात, असं आज डॉक्टर मानत नाहीत. पण चिडवल्यामुळे मुलाच्या मनात जे दुःख साठतं, 'मीच वाईट' असं जे वाटतं, ते कुणापाशी तरी मोकळं करावंच लागतं. आणि त्या तरुण वकिलाच्या गोष्टीतून जे दिसलं ते आजही तितकंच खरं आहे. मनात आलेला विचार म्हणजे केलेलं कृत्य नव्हे. तुमच्या मनात कधी भलतंसलतं येऊन गेलं असेल आणि तुम्ही रात्री पांघरुणात तोंड लपवून घाबरला असाल, तर हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तुम्ही काय करायचं?

तिसऱ्या बाकावरच्या मुलाची नक्कल करू नका. त्याच्याकडे टक लावून बघू नका. त्याने मान हलवली, तर तुमचं बोलणं मधेच न थांबवता पुढे चालू ठेवा. त्याला सर्वांत जास्त हेच हवं असतं. त्याला क्रिकेटमध्ये घ्या, डब्याला सोबत बसवा. अमेरिकेचा माजी फुटबॉल गोलरक्षक टिम हॉवर्ड याला लहानपणापासून टुरेट आहे. २०१४ च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध त्याने एकामागून एक इतके गोल अडवले, की सामना हरूनही जग त्याचंच नाव घेत होतं!

आणि एक चांगली बातमी. टिकचा त्रास बहुतेकांना दहा-बारा वर्षांच्या वयात सर्वांत जास्त असतो. पुढे मोठं होता होता बऱ्याच मुलांचा तो पुष्कळ कमी होतो. म्हणजे तुम्ही ज्याला आज चिडवाल, त्याचे झटके कदाचित जातील. पण तुमचं चिडवणं त्याच्या लक्षात राहील.

तुम्हालाच असा त्रास असेल तर? लपवू नका. आई, बाबा, आवडत्या बाई, कुणाला तरी एकाला सांगा. एवढं धाडस केलंत, की पहिली पायरी चढलात!

आईबाबांसाठी

मुलाच्या झटक्यांवर दिवसभर बोट ठेवू नका. ओरडल्याने ताण वाढतो आणि ताणाने झटके वाढतात. शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना शांतपणे सगळं सांगा.

मंत्रचळ असलेली मुलगी "आई, गॅस बंद आहे ना?" असं दहाव्यांदा विचारते, तेव्हा "हो गं बाई, आहे" असं सांगणं सोपं वाटतं. पण त्या उत्तराने तिला क्षणभर बरं वाटतं आणि चळाला मात्र खतपाणी मिळतं. "तुला भीती वाटतेय, मी इथेच आहे. आपण मिळून थोडं थांबू," असं म्हणून बघा. मात्र हा सराव जबरदस्तीने करायचा नाही. तो शिकलेल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या किंवा मानसशास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली करायचा. औषध हवं की नको, हेही त्यांच्याशी बोलूनच ठरवावं. कुठे जावं हे कळत नसेल, तर सरकारच्या 'टेली-मानस' सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो.

आणि स्वतःला दोष देऊ नका. मुलाला हा त्रास तुमच्या रागावण्याने झालेला नाही. पण त्यातून बाहेर पडायला तुमच्या धीराची फार मोठी मदत होणार आहे.

काय दोस्तांनो, माकड अजून आठवतंय का? आठवू दे! बसू दे त्याला झाडावर. आपण आपला गृहपाठ करूया.